कचरावेचक आणि रिसायकलिंग कामगार: हात दोघांचे मळतात, पण कोण काय विकतं?

'कचरावेचक' आणि 'रिसायकलिंग कामगार' हे शब्द सर्रास एकमेकांच्या जागी वापरले जातात. समोर तीच बाटली, तोच पुठ्ठा, तोच वास, त्यामुळे घोटाळा व्हायचाच. पण संध्याकाळी पैसे कुणाकडून आणि कशाबद्दल मिळाले एवढं विचारलं की दोघांचे रस्ते वेगळे होतात.

रिसायकलिंग कामगार प्रकल्पात सरकत्या पट्ट्यापाशी उभा राहतो, गठ्ठे बांधायचं यंत्र चालवतो, प्लास्टिकचा चुरा धुतो. तो आपला वेळ विकतो. माल मालकाचा, पट्टा मालकाचा आणि पट्टा किती वेगाने फिरायचा तेही मालकच ठरवणार. आज प्लास्टिकचा भाव कोसळला तरी त्याची आजची मजुरी ठरलेलीच राहते. उद्या नोकरी राहील की नाही, हा प्रश्न वेगळा.

कचरावेचक माल विकतात. दिवसभर फिरून, वाकून, वेचून, निवडून जे गोळा होईल ते भंगाराच्या दुकानात काट्यावर ठेवायचं आणि किलोमागे मिळेल ते घ्यायचं. गोणी रिकामी राहिली तर दिवस फुकट. वेचण्याची, वाहण्याची, वर्गवारी करण्याची वेगळी मजुरी नाही. सगळं त्या किलोच्या भावात आलं असं धरतात. कागदोपत्री याला 'स्वयंरोजगार' म्हणतात. मालकच नाही म्हटल्यावर रजा, अपघाताची भरपाई, भविष्य निर्वाह निधी मागायचा कुणाकडे?

आंतरराष्ट्रीय श्रम संघटनेच्या 2013 च्या अंदाजानुसार जगात 1.9 ते 2.4 कोटी माणसं कचरा आणि रिसायकलिंगच्या कामात होती, आणि त्यांतली साधारण 40 लाखच नोंदणीकृत रोजगारात. म्हणजे आपण ज्याला 'रिसायकलिंग उद्योग' म्हणतो, त्यातले बहुतेक लोक उद्योगाच्या हजेरीपटावर नाहीत.

आता हा 'स्वयंरोजगार' जरा खरवडून पाहू. अडीअडचणीला भंगारवाला उचल देतो. उचल घेतली की माल त्यालाच घालायचा. भाव त्याचा, काटा त्याचा, आणि काटा मारला तरी बोलायची सोय नाही. गिऱ्हाईक निवडता येत नाही, किंमत ठरवता येत नाही, तर हा व्यापारी कसला? मार्क्सने 'भांडवल'च्या पहिल्या खंडात (1867) नगावरच्या मजुरीबद्दल, म्हणजे किती नग केले त्यावर मिळणाऱ्या मजुरीबद्दल, लिहिलं आहे की ती तासा-दिवसाच्या हिशोबाने मिळणाऱ्या मजुरीचंच बदललेलं रूप असते, आणि तिच्यात देखरेखीची गरज बरीच कमी होते. कचरावेचकांच्या बाबतीत ते पुरेपूर खरं आहे. त्यांच्या मागे मुकादम लागत नाही, कारण किलोचा भावच मुकादमाचं काम करतो.

भावाची खरी किंमत बाजार पडला की कळते. 2018 च्या सुरुवातीला चीनने टाकाऊ प्लास्टिक आणि न निवडलेल्या कागदाच्या आयातीवर बंदी घातली आणि अनेक देशांत रद्दीचे भाव आपटले. 2020 मध्ये तेल स्वस्त झालं, तेव्हा नवं प्लास्टिकही स्वस्त झालं आणि जुन्याला मागणी उरेना. कारखानदार खरेदीदर कमी करतो, घाऊक व्यापारी दुकानदाराला कापतो, दुकानदार वेचणाऱ्याला. वेचणाऱ्याच्या खाली कुणीच नाही.

म्हणून प्रकल्पातला कामगार सुखात असतो असं मात्र कुणी समजू नये. पट्ट्यावरून सुया आणि फुटक्या काचा येतात. कचऱ्यातल्या लिथियम बॅटऱ्या चिरडल्या की पेट घेतात. अडकलेलं यंत्र बंद न करता मोकळं करायला गेलेल्यांचे हात जातात, जीवही जातात. तिकडे कचऱ्याचे डोंगर कोसळतात: 2000 साली फिलिपिन्समधल्या पायाटासला 200 हून अधिक, 2017 मध्ये अदिस अबाबात 100 हून अधिक माणसं गाडली गेली. मेलेल्यांत वेचणारे आणि तिथेच झोपड्या बांधून राहणारे होते. प्रकल्पातल्या अपघाताला निदान एक मालक असतो. तोही कंत्राटदाराआड लपला तर कामगार बराचसा कचरावेचकाच्याच जागी येऊन पोचतो. दोघांमधली सीमारेषा मला तिथेच सगळ्यात पुसट वाटते.

आणखी एक फरक मालकीचा. शहराने कचरा उचलायचं कंत्राट दिलं की डब्यातला कचरा कंत्राटदाराचा होतो, आणि काल जे वेचणं होतं ते आज चोरी ठरू शकतं. कोलंबियातल्या बोगोतामध्ये कचरावेचक यावरूनच वर्षानुवर्षं न्यायालयात लढले. 2011 मध्ये तिथल्या घटनात्मक न्यायालयाने शहराची निविदा थांबवली आणि वेचणाऱ्यांना व्यवस्थेत सामील करून घ्यायला सांगितलं. 2013 पासून त्यांना भंगाराच्या किमतीशिवाय कचरा गोळा करण्याच्या सेवेचेही पैसे मिळू लागले, म्हणजे मालासोबत पहिल्यांदाच श्रमाचीही किंमत. ती किंमत ठरते मात्र किती टन माल दिला यावरच.