कळ, हसू आणि मग ठणका

व्यायाम करताना कुणाला किरकोळ लागलं की आजूबाजूच्यांचा निकाल ठरलेला असतो: "हसतोय ना, मग फार लागलेलं नाही." तोच माणूस कळवळला तर, "जोरात लागलेलं दिसतंय." दोन्ही निकालांमागे समजूत एकच आहे. जेवढी इजा तेवढी वेदना, आणि जेवढी वेदना तेवढा चेहरा वाकडा. ही समजूत आपल्या डोक्यात लहानपणापासून घट्ट बसलेली आहे आणि ती चुकीची आहे. वेदना हे इजेचं मोजमाप नव्हे. त्वचेकडून आलेला संदेश, डोळ्यांना दिसलेलं दृश्य, आधीचे अनुभव आणि त्या क्षणीची परिस्थिती या सगळ्यांचा मेळ घालून मेंदूने बांधलेला तो अंदाज असतो. लागल्यावर फुटणारं हसू याच अंदाजाशी जोडलेलं आहे, म्हणूनच मला हा विषय अतिशय आवडतो.

हा अंदाज किती चुकू शकतो याचं एक उदाहरण 1995 साली ब्रिटिश मेडिकल जर्नलमध्ये नोंदवलं गेलं. 29 वर्षांच्या एका बांधकाम कामगाराने वरून उडी मारली आणि तो नेमका 15 सेंटीमीटर लांबीच्या खिळ्यावर उतरला. खिळा बुटातून आरपार गेला. खिळा जरासा हलला तरी त्याला असह्य वेदना होत होत्या, इतक्या की डॉक्टरांना फेंटानिलसारखं जोरदार वेदनाशामक आणि गुंगीचं औषध द्यावं लागलं. खिळा काढून बूट उतरवल्यावर दिसलं की तो दोन बोटांच्या मधून गेला होता आणि पावलावर ओरखडासुद्धा नव्हता. तो माणूस ढोंग करत नव्हता. त्याची वेदना खरी होती, फक्त तिच्यामागे जखम नव्हती.

आता आपल्या साध्या प्रसंगाकडे येऊ. व्यायामाच्या दोन सेटच्या मधे कुणीतरी अनवाणी पाणी प्यायला निघतं आणि बेंचच्या लोखंडी पायाला पायाची करंगळी आपटते. पहिल्यांदा सुई खुपसावी तशी लख्ख कळ येते आणि पाय आपोआप वर उचलला जातो. मग क्षणभर काहीच होत नाही. माणूस एका पायावर उभा, श्वास रोखलेला, पुढे काय येणार हे त्याला पक्कं ठाऊक. आणि मग ठणका येतो. पसरट, जळजळता, नेमका कुठे आहे हे बोट ठेवून सांगता न येणारा. हसू फुटतं ते पुष्कळदा या दोहोंच्या मधल्या फटीत.

ही फट खरी आहे आणि तिचं कारण चेतातंतूंच्या वेगात आहे. इजेची बातमी नेणारे तंतू दोन प्रकारचे असतात. ए-डेल्टा तंतूंवर मायलिन या स्निग्ध पदार्थाचं पातळ आवरण असतं आणि त्यांच्यातून संदेश सेकंदाला साधारण 5 ते 30 मीटर वेगाने जातो. सी तंतू उघडे असतात, त्यांचा वेग सेकंदाला अर्ध्यापासून दोन मीटरपर्यंत. करंगळीपासून कण्यातल्या मज्जारज्जूपर्यंतचं अंतर साधारण एक मीटर धरलं, तर पहिली बातमी फार तर एका सेकंदाच्या पाचव्या भागात पोचते आणि दुसरीला जवळजवळ एक पूर्ण सेकंद लागतो. पहिली बातमी सांगते "इथे काहीतरी झालं", दुसरी सांगते "आणि ते त्रासदायक आहे". मेंदूच्या दृष्टीने एक सेकंद हा मोठा अवकाश आहे. तेवढ्यात डोळे खाली वळतात, बोट जागेवर आहे हे दिसतं, रक्त नाही हेही दिसतं, कुणी पाहिलं का याचाही अदमास घेऊन होतो.

यानंतर प्रत्येक माणूस, कुणी शिकवलेलं नसताना, एकच गोष्ट करतो: बोट घट्ट दाबून धरतो किंवा चोळतो. ते का उपयोगी पडतं, याचं समाधानकारक उत्तर 1965 मध्ये रोनाल्ड मेल्झॅक आणि पॅट्रिक वॉल यांनी दिलं. त्यांच्या सिद्धान्ताला फाटक सिद्धान्त म्हणतात. मज्जारज्जूच्या मागच्या बाजूला, पृष्ठशृंग नावाच्या भागात, वेदनेचे तंतू येऊन थांबतात आणि तिथल्या पुढच्या चेतापेशींकडे संदेश सोपवतात. पण स्पर्शाची बातमी आणणारे जाड, वेगवान ए-बीटा तंतूही त्याच भागात फाटे सोडतात. ते फाटे तिथल्या दाबणाऱ्या पेशींना जागं करतात आणि त्या पेशी वेदनेच्या संदेशाला वर जाऊ देत नाहीत, निदान पूर्ण जोराने जाऊ देत नाहीत. चोळल्याने ए-बीटा तंतूंचा मारा वाढतो आणि फाटक अर्धंमुर्धं मिटतं. मेल्झॅक आणि वॉल यांनी काढलेल्या आकृतीतले बरेच तपशील पुढे बदलावे लागले. वेदनेचा संदेश मज्जारज्जूच्या दारातच कमीजास्त केला जातो, ही मूळ कल्पना मात्र टिकली.

माझ्या मते खरी गंमत यापुढे आहे. त्या फाटकावर खालूनच नव्हे, वरूनही हुकूम चालतो. 1969 मध्ये डेव्हिड रेनॉल्ड्स यांनी उंदरांच्या मध्यमेंदूतल्या एका भागाला बारीक तारेने विद्युत चेतना दिली आणि भूल न देता त्यांच्या पोटावर शस्त्रक्रिया केली. उंदीर जागे होते, पण वेदनेची लक्षणं दाखवत नव्हते. या भागाला पेरिॲक्वेडक्टल ग्रे म्हणतात. मेंदूतल्या द्रवाची एक अरुंद नलिका असते, तिच्या भोवतीचा तो करडा पट्टा. तिथून निघालेला हुकूम लंबमज्जेतल्या, म्हणजे मेंदूच्या तळाशी मज्जारज्जूला जोडलेल्या भागातल्या, एका थांब्यावरून मज्जारज्जूत, थेट फाटकापर्यंत उतरतो. मेंदू स्वतःच वेदना दाबू शकतो, तर त्याच्याकडे त्यासाठी काहीतरी रसायन असणार. 1973 मध्ये मेंदूत अफूजन्य द्रव्यांना पकडणारी ग्राहके सापडली आणि 1975 मध्ये जॉन ह्यूज आणि हान्स कॉस्टरलिट्झ यांनी डुकराच्या मेंदूतून एन्केफॅलिन हे अफूसारखं काम करणारं, शरीरातच तयार होणारं रसायन वेगळं केलं. एंडॉर्फिन याच कुळातलं.

लंबमज्जेतल्या त्या थांब्यावर नेमकं काय घडतं, हे हॉवर्ड फील्ड्स आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी शोधून काढलं. तिथे दोन जातींच्या पेशी आहेत, ऑन पेशी आणि ऑफ पेशी. उंदराच्या शेपटीला हळूहळू उष्णता दिली, तर शेपटी झटकली जाण्याच्या अगदी आधी ऑन पेशी धडाधड संदेश सोडू लागतात आणि ऑफ पेशी गप्प होतात. ऑन पेशी फाटक उघडतात, ऑफ पेशी मिटवतात. मॉर्फिन किंवा शरीराचं स्वतःचं अफूजन्य रसायन इथे पोचलं की ते ऑन पेशींना सरळ दाबतं. ऑफ पेशींच्या बाबतीत मात्र मार्ग वळणाचा आहे. या पेशींना गाबा हे रसायन सोडणाऱ्या शेजारी पेशी एरवी दाबून ठेवतात, आणि अफूजन्य रसायन त्या दाबणाऱ्या पेशींनाच दाबतं. रोखणाऱ्यालाच रोखल्यामुळे ऑफ पेशी मोकळ्या होतात, त्यांचा संदेश मज्जारज्जूत उतरतो आणि फाटक मिटतं. दाबण्याला दाबून मुक्त करण्याची ही युक्ती मेंदूत जागोजागी दिसते, पण इतकी नेटकी क्वचितच. शिवाय ती दोन्हीकडे चालते. भीती, काळजी, पुनःपुन्हा दुखऱ्या जागेकडे जाणारं लक्ष यांनी ऑन पेशींचं पारडं जड होऊ शकतं आणि तीच इजा जास्त दुखते.

हसण्याचा या यंत्रणेशी संबंध आहे का? आहे, आणि तो मोजलेला आहे. ऑक्सफर्डचे मानसशास्त्रज्ञ रॉबिन डनबार यांच्या गटाने लोकांना विनोदी चित्रफिती दाखवल्या, काहींना माहितीपट दाखवले, आणि आधी व नंतर त्यांची वेदना सोसण्याची क्षमता तपासली. त्यासाठी हाताला बर्फासारखं गार आवरण लावायचं किंवा रक्तदाबाचा पट्टा आवळत न्यायचा आणि "आता पुरे" म्हणेपर्यंतचा वेळ वा दाब नोंदवायचा. जे खळखळून हसले होते त्यांची सोसण्याची क्षमता वाढली, नुसतं प्रसन्न वाटल्याने ती वाढली नाही. मोठ्याने हसताना पोटाचे आणि बरगड्यांचे स्नायू मधे श्वास न घेता एकामागून एक उच्छ्वास बाहेर ढकलतात आणि ही स्नायूंची मेहनतच एंडॉर्फिनचं कारण असावी, असं या गटाचं म्हणणं आहे. 2017 मध्ये फिनलंडच्या तुर्कू शहरातल्या संशोधकांनी 12 पुरुषांना मित्रांबरोबर हसू दिलं आणि त्यानंतर पेट स्कॅन या मेंदूतली रसायनं टिपणाऱ्या तपासणीत त्यांच्या मेंदूत, वेदनेशी संबंध असलेल्या थॅलॅमस आणि इन्सुला या भागांतसुद्धा, अफूजन्य रसायन स्रवल्याच्या खुणा पाहिल्या.

पण इथे हात राखून बोललं पाहिजे. या प्रयोगांतलं हसणं बऱ्याच मिनिटांचं होतं आणि सोबतीने होतं. हसण्याचा अभ्यास करणाऱ्या रॉबर्ट प्रोव्हाइन यांच्या निरीक्षणानुसार माणूस एकटा असताना हसतो त्याच्या सुमारे 30 पट जास्त चारचौघांत हसतो. करंगळी आपटल्यावरचं दोन सेकंदांचं हसू एंडॉर्फिनचा पाट वाहवतं, असं म्हणायला आधार नाही. त्या छोट्या हसण्याचं मला सगळ्यात पटणारं स्पष्टीकरण वेगळं आहे आणि ते मेंदूशास्त्रज्ञ व्ही. एस. रामचंद्रन यांनी मांडलं आहे. हसू म्हणजे "धोका खोटा होता" अशी जाहीर खूण. इन्सुला या भागाला इजा झालेल्या काही रुग्णांना सुई टोचलेली कळते, कुठे टोचली तेही ते सांगतात, पण त्यातला त्रास त्यांना जाणवत नाही आणि त्यांच्यातले काही चक्क हसतात. रामचंद्रन यांचा तर्क असा की मेंदूचा एक भाग धोक्याची सूचना देतो, दुसरा तिला दुजोराच देत नाही, आणि या विसंगतीतून हसू फुटतं. कळ आणि ठणका यांच्या मधल्या त्या एका सेकंदात धडधाकट माणसाच्या डोक्यात थोडंफार असंच काही घडत असावं. ही परिकल्पना आहे, सिद्ध झालेली गोष्ट नव्हे.

याच यंत्रणेच्या नावावर बराच बाजारही चालतो. "एंडॉर्फिन वाढवा" असं लिहिलेल्या गोळ्या विकल्या जातात, पण रक्तातलं एंडॉर्फिन मेंदूत सहजासहजी शिरत नाही, म्हणून गोळीच्या वेष्टनावरचा दावा आणि लंबमज्जेतली घडामोड यांचा काडीचा संबंध नाही. चुंबकाचे कडे आणि पट्टे खेळाडूंच्या मनगटावर नेहमी दिसतात. रक्तात लोह असतं म्हणून चुंबक ते खेचतो, असं सांगितलं जातं. हिमोग्लोबिनमधलं लोह खिळ्यातल्या लोखंडासारखं चुंबकाला चिकटत नाही. तरीही पट्टा बांधल्यावर कुणाला बरं वाटलं तर तो खोटं बोलत असतो असं नाही. 1978 मध्ये अक्कलदाढ काढलेल्या रुग्णांवर केलेल्या अभ्यासात दिसलं की नुसत्या विश्वासाने मिळालेला आराम नॅलोक्सोन या अफूविरोधी औषधाने कमी होतो. म्हणजे आराम निदान काही प्रमाणात रुग्णाच्या स्वतःच्या अफूजन्य रसायनांतून आलेला असतो. पैसे मात्र पट्टेवाला घेतो.

आणि वरून मिटणारं फाटक खरी इजाही झाकू शकतं. दुसऱ्या महायुद्धात इटलीच्या आघाडीवर हेन्री बीचर या डॉक्टरने गंभीर जखमी सैनिकांची पाहणी केली, तेव्हा त्यांच्यातल्या अनेकांनी वेदनाशामक नको असं सांगितलं होतं. व्यायामही हेच छोट्या प्रमाणात करतो. जोरदार कसरतीच्या दरम्यान आणि नंतर काही काळ वेदना जाणवू लागण्याची पातळी चढलेली असते, म्हणजे एरवी दुखेल ते तेव्हा दुखत नाही. त्यामुळे त्या वेळी हसून सोडलेली दुखापत संध्याकाळी वेगळीच निघू शकते.

आपत्कालीन विभागातल्या डॉक्टरांनी या अडचणीवर शोधलेला तोडगा मला फार शहाणपणाचा वाटतो. 1992 मध्ये कॅनडातल्या इयन स्टील आणि सहकाऱ्यांनी मुरगळलेल्या घोट्यासाठी ओटावा नियम मांडले. घोट्याच्या दोन्ही बाजूंच्या उंचवट्यांच्या मागच्या कडेवर किंवा टोकावर हाड दाबून दुखतं का? लागल्यावर लगेच आणि नंतर तपासताना, दोन्ही वेळा, चार पावलंही टाकता आली नाहीत का? घोट्याचा एक्स-रे काढायचा की नाही ते यावरून ठरतं. वेदना दहापैकी किती, असा प्रश्न त्या नियमांत कुठेही नाही.

टाचेच्या वरचा अकिलीस कंडरा तुटतो तेव्हा वेदनेऐवजी तपासणीवर भरवसा ठेवण्याची सगळ्यात जास्त गरज पडते. उडी मारताना किंवा एकदम धाव घेताना मागून कुणीतरी लाथ मारल्यासारखं वाटतं, कधी फट्कन आवाज येतो, माणूस मागे वळून बघतो तर कुणीच नसतं. वेदना कित्येकदा फारशी नसते, थोड्या वेळात चालताही येतं, पाऊल खाली वाकवताही येतं, कारण घोट्यामागून जाणारे दुसरे स्नायू ते काम थोडंफार सांभाळून घेतात. म्हणून पाऊल हलतंय यावर विसंबू नये. डॉक्टर रुग्णाला पालथं झोपवून, पावलं टेबलाच्या कडेबाहेर सोडून, पोटरी चिमटीत दाबतात. कंडरा शाबूत असेल तर पाऊल आपसूक खाली वाकतं, तुटला असेल तर हलत नाही. मागून लाथ बसल्याचा असा भास झाला असेल तर दुखो वा न दुखो, ही तपासणी त्याच दिवशी करून घ्यावी. तुटलेली टोकं लवकर जवळ आणली तर प्लास्टरने किंवा टाक्यांनी चांगली जुळतात. कित्येक आठवडे दुर्लक्ष झालं तर मधे फट राहते आणि शस्त्रक्रिया पुष्कळच मोठी होते.