पॅकमॅन बेडकाच्या पिल्लाला उंदीर नकोत

"पॅकमॅन बेडकाला लहानपणापासून उंदराची पिल्लं द्या, झटपट मोठा होतो" हे वर्षानुवर्षं फिरतंय आणि ते चुकीचं आहे. पॅकमॅन म्हणजे घरी पाळला जाणारा, दक्षिण अमेरिकेतला गोलमटोल बेडूक; तोंड मोठं म्हणून तो काहीही गिळतो, पण गिळलं म्हणजे मानवलं असं नाही ना, सारखे उंदीर दिले तर नुसती चरबी चढते. पिल्लाचं मुख्य खाणं म्हणजे रातकिडे, झुरळं, गांडुळाचे तुकडे, तेही त्याच्या दोन डोळ्यांमधल्या अंतरापेक्षा जाड नकोत, आणि वर कॅल्शियम आणि व्हिटॅमिन डी३ची पावडर भुरभुरायची, नाहीतर हाडं मऊ पडून जबडा वाकतो. टाकीत खाली खडे अजिबात टाकू नका, झडप घालताना पोटात जाऊन अडकतात. ओलसर कोकोपीट (नारळाच्या काथ्याचा भुसा) घाला, त्यात तो स्वतःला गाडून घेतो, फक्त डोळे वर. आणि प्लीज, एका टाकीत एकच, दुसऱ्याला तो गिळू शकतो.