एमबीबीएस पदवीधरांची जुनी तक्रार: हात बसला नाही

नुकतं एमबीबीएस झालेल्या मुलामुलींना त्यांच्या शिक्षणाबद्दल विचारलं, की एक वाक्य हमखास ऐकू येतं: वाचलं खूप, पण हात बसला नाही. शॉकमधल्या रुग्णाला कोणतं सलाईन किती वेगाने द्यायचं ते तोंडपाठ असतं. पण बाँडवर, म्हणजे पदवीनंतरच्या सक्तीच्या सरकारी सेवेसाठी, प्राथमिक आरोग्य केंद्रात रुजू झाल्यावर रात्री अडलेली बाई येते, तेव्हा घाम फुटतो. या पिढीला कष्ट नकोत, असं म्हणून ही तक्रार उडवून लावणं अन्यायाचं आहे. ती फार जुनी आहे.

देशाच्या आरोग्यव्यवस्थेचा आढावा घ्यायला 1943 साली नेमलेल्या भोर समितीने 1946 मध्ये अहवाल दिला, तेव्हा देशात पदवीधर डॉक्टर जेमतेम 18 हजार होते आणि कमी मुदतीचा अभ्यासक्रम केलेले लायसेन्शिएट सुमारे 30 हजार. यापुढे एकाच दर्जाचा, पूर्ण शिकलेला डॉक्टर घडवावा, असं समितीच्या बहुमताने सांगितलं. त्याच वर्षी पुण्याच्या बी. जे. मेडिकल स्कूलचं कॉलेज झालं. हा डॉक्टर समाजात मिसळून काम करणारा असावा, ही समितीची अपेक्षा. प्रत्यक्षात तो शिकत राहिला मोठ्या शहरी रुग्णालयांत, विशेषज्ञांच्या हाताखाली. 1975 मध्ये वैद्यकीय शिक्षणावरच्या श्रीवास्तव समितीने यावर बोट ठेवलं. 1977 पासून मेडिकल कॉलेजं ग्रामीण आरोग्य केंद्रांना जोडण्याची योजनाही आली. सेवाग्रामचं कॉलेज 1969 मध्ये सुरू झालं तेच विद्यार्थ्यांना खेड्यात नेण्याच्या हेतूने, पण असे अपवाद थोडेच.

हात बसावा म्हणून बारा महिन्यांची इंटर्नशिप आहे. माझ्या मते सगळ्यात मोठं नुकसान इथेच झालं. सरकारी रुग्णालयातल्या वॉर्डात इंटर्न सकाळी रक्त काढतो, नळ्यांवर नावं लिहितो, सॅम्पल लॅबमध्ये पोहोचवतो, रक्तपेढीतून पिशवी आणतो, रिपोर्टसाठी पुन्हा खाली धावतो. वॉर्डबॉय आणि तंत्रज्ञांच्या रिकाम्या जागा अशा भरून निघतात. शिरेत सुई घालण्यात तो तरबेज होतो. टाके घालायला, बाळंतपण करायला मिळेल की नाही, हे युनिटवर आणि वरच्या रेसिडेंटच्या, म्हणजे पदव्युत्तर शिकणाऱ्या डॉक्टरच्या, मर्जीवर ठरतं.

उरलेला वेळ प्रवेशपरीक्षा खाते. 1984 च्या प्रदीप जैन खटल्यातील निकालानंतर पदव्युत्तर जागांचा काही वाटा देशपातळीवरच्या परीक्षेतून भरला जाऊ लागला. आज नीट-पीजीचे 200 बहुपर्यायी प्रश्न पुढची सगळी दिशा ठरवतात. कॅज्युअल्टीत घालवलेल्या रात्रीला या परीक्षेत एकही गुण नाही. मग पोस्टिंगला जाऊन सही करायची आणि लायब्ररी गाठायची, असं मुलं करतात. त्यांना दोष कसा द्यायचा?

दरम्यान कॉलेजं वाढली. महाराष्ट्रात 1980 च्या दशकात खासगी कॉलेजांची लाट आली. देशात 2014 मध्ये एमबीबीएसच्या सुमारे 51 हजार जागा होत्या, दहा वर्षांत त्या लाखाच्या पुढे गेल्या. नव्या कॉलेजांत इमारत उभी राहते, पण पुरेसे शिक्षक आणि भरलेले वॉर्ड तितक्या लवकर मिळत नाहीत. एका खाटेभोवती पंधरा विद्यार्थी उभे असले, तर मागच्यांना रुग्णाचं पोट चाचपायलाही मिळत नाही.

2019 च्या तुकडीपासून क्षमताधारित अभ्यासक्रम आला. एखादी गोष्ट विद्यार्थ्याला नुसती माहीत हवी, करून दाखवता यायला हवी की एकट्याने करता यायला हवी, हे त्यात प्रत्येक कौशल्यापुढे लिहिलेलं आहे. काय काय केलं याची नोंद ठेवणाऱ्या लॉगबुकात शिक्षकाची सही लागते. तक्रारीच्या मुळाला हात घालणारा हा पहिला गंभीर प्रयत्न. पण पहिल्याच तुकडीचं पहिलं वर्ष संपायच्या आत कोविड आला आणि शिकवणी मोबाइलच्या पडद्यावर गेली. 2019 च्याच राष्ट्रीय वैद्यकीय आयोग कायद्यातली नेक्स्ट, म्हणजे एमबीबीएसच्या शेवटी सगळ्यांनी द्यायची सामाईक परीक्षा, जिच्यात लेखीबरोबर प्रात्यक्षिकालाही वजन मिळावं अशी अपेक्षा होती, 2023 मध्ये लांबणीवर पडली. लॉगबुकं मात्र भरली जात आहेत. त्यातल्या किती सह्या खाटेशेजारी झाल्या आणि किती वर्षअखेरीला एका बैठकीत, हे त्या मुलांनाच विचारायला हवं.