‘पाणी इथपर्यंत’: रंगवलेलं आणि कोरलेलं

गावात सार्वजनिक जागी एखादं वाक्य लिहायचं ठरलं की चर्चा लगेच खर्चावर येते: पेंटर बोलवायचा की पाथरवट? वाक्य तेच, मग फरक काय पडतो? खूप पडतो. आणि जागा बदलली की आणखी पडतो.

‘पाणी इथपर्यंत’ एवढे दोनच शब्द घ्या. चिपळूणच्या बाजारपेठेत भिंतीवर दिसले तर कुणाला विचारावं लागत नाही: 22 जुलै 2021, वाशिष्ठीचा पूर. जेटीच्या खांबावर तीच उधाणाच्या भरतीची खूण. मे महिन्यात विहिरीच्या तळाजवळ, टंचाई. आणि खाडीपासून लांब, उंच सड्यावर, म्हणजे कातळाच्या पठारावर, लिहिले तर वाचणाऱ्याच्या पोटात गोळा येतो.

आता माध्यम. बाजारातल्या त्या भिंतीवर ऑइलपेंटने लिहिलं तर ती कुणा दुकानदाराने केलेली खूण वाटते. पुढच्या रंगकामात ती जाणार हेही दिसतं. काळ्या पाषाणात कोरून बसवलं की अख्खं गाव बोलतं, आणि ‘पुन्हा येईल’ हेही त्यात ऐकू येतं. शिलाहार काळातल्या गधेगळींना, म्हणजे दान मोडणाऱ्याला शाप देणाऱ्या कोरीव शिळांना, हे पक्कं ठाऊक होतं. वर चंद्र-सूर्य, म्हणजे ते आहेत तोवर. मधे दानाचा लेख. खाली वाचता न येणाऱ्यालाही कळेल असं शापाचं शिल्प. शिळा उभी दान दिलेल्या जमिनीत. तिथून संग्रहालयात नेली की लेख राहतो, धाक जातो.

अमेरिकी कलाकार जेनी होल्झर हिने 1970 च्या दशकाच्या अखेरीस एकेका ओळीची वाक्यं न्यूयॉर्कच्या रस्त्यांवर निनावी पोस्टरांवर लावली, 1982 मध्ये टाइम्स स्क्वेअरच्या दिव्यांच्या फलकावर झळकवली आणि पुढे दगडी बाकांवर कोरली. पोस्टरवर ती कुजबूज वाटते, फलकावर जाहिरात, बाकावर स्मृतिलेख.

किनाऱ्यावर दोन्ही कामं वेगवेगळ्या कारणांनी बिघडतात. उघड्या जांभ्यावर रंगवू नका. छिद्रांमुळे अक्षराची कड फाटते. नवा सिमेंटचा गिलावा असेल तर निदान 28 दिवस थांबा, नाहीतर त्यातला क्षार ऑइलपेंट खातो आणि पापुद्रे सुटतात. आधी भिंत गोड्या पाण्याने धुवा, कारण खाऱ्या वाऱ्याचं मीठ रंगाखाली राहिलं की फोड येतात. काम पावसाळ्यानंतर, भिंत पूर्ण सुकल्यावरच.

कोरीव अक्षर रंगावर नाही, सावलीवर वाचलं जातं. उत्तरेकडे तोंड केलेल्या दगडावर वर्षातला बराच काळ थेट ऊन पडत नाही, तिथे उथळ खोदकाम दिसतच नाही. पूर्व-पश्चिम बाजू घ्या, म्हणजे तिरक्या उन्हात अक्षर उठून येतं. जांभ्यात बारीक रेघ धरत नाही, जोडाक्षरांचे तुकडे पडतात. त्याला पाषाणच हवा. पावसात खाचांमध्ये शेवाळ धरतं. ते काथ्याच्या ब्रशने, नुसत्या पाण्याने काढा. ॲसिड आणि तारेचा ब्रश अक्षराची धार घालवतात.

उंचीचा ढोबळ हिशोब दोन्हीकडे एकच: दर 10 फूट अंतराला 1 इंच. जेटीवरचं वाक्य 100 फुटांवरच्या होडीतून वाचायचं तर अक्षर 10 इंचांचं. हे माप शिरोरेषेखालच्या मूळ अक्षराचं धरा. वेलांटी, मात्रा आणि उकारांची जागा वेगळी सोडा. ती धरली नाही तर दुसऱ्या ओळीच्या मात्रा पहिल्या ओळीच्या उकारांत घुसतात, आणि दगडात ते दुरुस्त होत नाही.