रिमोटची पिन का जुळत नाही?

शिवडीच्या जेट्टीवर पहाटे फ्लेमिंगोंसाठी ट्रायपॉड लावला की शटरच्या बटणाला बोट लावायचंच नसतं. बोटाचा जरासा धक्का लागला तरी लांब लेन्समधला पक्षी हललाच म्हणून समजा. म्हणून तारेचा रिमोट घ्यायला मुंबईच्या बोरा बाजारात जावं, "कॅननचा रिमोट द्या" म्हणावं, तर समोरून प्रश्न येतो, "पिन कुठली?" इथे भलेभले गडबडतात, आणि चूक त्यांची नसते. एकाच कंपनीच्या दोन कॅमेऱ्यांना दोन वेगळ्या पिना लागतात. हे असं का झालं, ते समजून घ्यायला बरंच मागे जावं लागतं.

सुरुवातीला रबराचा फुगा होता. लांब नळीच्या टोकाचा फुगा दाबला की हवेच्या दाबाने शटर उघडायचं आणि दाबून धरलंत तोवर उघडंच राहायचं. कॅमेऱ्यावरचं 'बी', म्हणजे बल्ब, हे त्या फुग्याचं नाव. विजेच्या दिव्याशी त्याचा संबंध नाही. पुढे तार आली. नळीत सरकणाऱ्या तारेचं पेटंट अर्नेस्ट बाउडेनने १८९६ साली घेतलं. सायकलचा ब्रेक ज्या तारेने ओढला जातो, तेच हे तत्त्व. शटरच्या बटणाच्या मधोमध निमुळते आटे, त्यात केबल रिलीज, म्हणजे ही नळीतली तार, फिरवून बसवायची. बहुतेक कंपन्यांनी हेच आटे ठेवले, त्यामुळे एकाची केबल दुसऱ्याला चालायची. अपवाद होतेच. निकॉनचे एफ आणि एफ२ लायकाच्या धर्तीची वेगळी केबल मागायचे. १९८० च्या एफ३ पासून निकॉनही सर्वसाधारण आट्यांवर आलं. तो काळ मला आजही हेवा वाटावा असा वाटतो.

बटण विजेवर चालू लागलं आणि ही एकी मोडली. कॅननने १९८६ च्या टी९० ला 'टी३' नावाची तीन टोकांची जोडणी दिली, १९९८ च्या ईओएस ३ पासून तिच्या जागी 'एन३' आणली, आणि स्वस्त कॅमेऱ्यांना 'ई३' म्हणजे साधी अडीच मिलिमीटरची स्टिरिओ पिन दिली. ही विभागणी अजून आहे. जुलै २०२० मध्ये एकाच वेळी जाहीर झालेल्या आर५ ला एन३ लागते आणि आर६ ला ई३! निकॉनचंही तसंच. मोठ्या कॅमेऱ्यांना आट्यांनी घट्ट बसणारी दहा टोकांची गोल जोडणी, डी८० ला डीसी१, डी९० पासून डीसी२. महागड्या कॅमेऱ्यावरची पिन पावसात, धावपळीत निसटू नये म्हणून तिला अडकण हवं, हे मला पटतं. पण डीसी१ घेतलेल्या माणसाने दोन वर्षांत नवा कॅमेरा घेतल्यावर जुना रिमोट कपाटात टाकायचा, हे मात्र पटत नाही.

कारण आतलं काम तेच आहे. या साध्या रिमोटमध्ये तीन तारा असतात: कॉमन (दोघांना सामाईक), फोकस आणि शटर. फोकसची तार कॉमनला टेकली की बटण अर्धं दाबल्यासारखं होतं, शटरचीही टेकली की फोटो निघतो. ई३ च्या पिनेत टोक शटरचं, मधली कडी फोकसची आणि मुळाकडचा भाग कॉमन. पेंटॅक्सच्या बऱ्याच कॅमेऱ्यांनाही हीच रचना चालते. पॅनासॉनिकला मात्र नाही. त्यांची पिनही अडीचचीच, पण चार भागांची. आत रेझिस्टर असतात आणि किती रोध लागला यावरून अर्धं दाबलं की पूर्ण, हे कॅमेरा ओळखतो. कॅननचा रिमोट तिथे बसतो खरा, फोटो काढत नाही.

मी स्वतः एकदा लॅमिंग्टन रोडच्या इलेक्ट्रॉनिक्स बाजारातून घाईत पिन आणून घरी सोल्डर केली. फोटो निघत होते, म्हणून खूश होतो. शिवडीला तासाभरात बॅटरी संपली आणि भरती चढून पक्षी जवळ आले तेव्हा माझा कॅमेरा बंद. गिरगावातल्या एका जुन्या रेडिओ दुरुस्तीवाल्या काकांनी पिन उजेडात धरली आणि म्हणाले, "अरे, हिला एकच काळी रेघ आहे. ही मोनो. तुला दोन रेघांची पाहिजे." मोनो पिनेचा लांब मागचा भाग फोकसच्या जागेलाही टेकतो, म्हणजे बटण सतत अर्धं दाबलेलं. कॅमेरा रात्रभर जागा राहावा तसा जागाच राहत होता.

आता बिनतारी ट्रिगरबरोबर, म्हणजे बिनतारी रिमोटबरोबर, त्याचा रिसीव्हर कॅमेऱ्याला जोडायला बदलता येणाऱ्या तारा मिळतात, पण तिथे नावांचा नवा घोळ आहे. बऱ्याच ट्रिगरवाल्यांच्या भाषेत सी१ म्हणजे कॅननची ई३, सी३ म्हणजे कॅननची एन३, एन१ म्हणजे निकॉनची दहा टोकांची आणि एन३ म्हणजे निकॉनची डीसी२. म्हणजे कॅननवाल्याने कॅननच्या नावाने "एन३ द्या" म्हटलं तर हातात निकॉनची तार येऊ शकते. काही नव्या कॅमेऱ्यांत रिमोटच्या पिनेसाठी भोकच नाही. २०१९ चा निकॉन झेड५० ब्लूटूथच्या रिमोटवर चालतो. बाकीच्यांनी दुकानात जाण्याआधी कॅमेऱ्याच्या बाजूची रबरी झडप उघडावी, आतल्या भोकाचा मोबाईलवर जवळून फोटो काढावा आणि मॉडेलच्या नावासोबत तोच दुकानदाराला दाखवावा.