कमी ताकदीची सरावी काडतुसे

मोठ्या बोअरच्या (बोअर म्हणजे नळीचा आतला व्यास) रायफलीतून थोड्या दारूची, हलक्या गोळीची किंवा मूळ बोअरपेक्षा लहान काडतुसे झाडून नेमबाजी शिकण्या-शिकवण्याची पद्धत. रायफलीचा दस्ता, माशी, चाप, वजन सगळे तेच राहते. कमी होतो तो दणका, आवाज, खर्च आणि गोळीचा पल्ला. या काडतुसांची दोन भावंडे वेगळी ओळखावी लागतात. ड्रिलच्या काडतुसात दारूच नसते, ते भरण्या-काढण्याच्या सवयीपुरते असते. बिनगोळीच्या काडतुसात फक्त आवाज असतो. सरावी काडतुसातून मात्र खरी गोळी सुटते आणि तिने माणूस मरू शकतो. ‘सरावी’ म्हटले की हात सैल पडतो, म्हणून हा भेद आधीच स्पष्ट करावा लागतो.

आकड्यांवरून फरक ध्यानात येईल. ब्रिटिश सैन्याच्या ‘थ्री नॉट थ्री’ (०.३०३ इंच) रायफलीच्या सातव्या मार्कच्या (आवृत्तीच्या) काडतुसातली गोळी ११.३ ग्रॅमची, ती सेकंदाला सुमारे ७४४ मीटर वेगाने निघे, म्हणजे ऊर्जा ३,१०० जूलच्या आसपास. ०.२२ इंची ‘लाँग रायफल’ काडतुसाची गोळी २.६ ग्रॅमची, वेग सुमारे ३३० मीटर, ऊर्जा जेमतेम १४० जूल. तरीही ही छोटी गोळी दीड किलोमीटरपर्यंत जाऊ शकते, त्यामुळे मागे भक्कम बंधारा नसलेली चांदमारी तिलाही चालत नाही.

पद्धतीचे मूळ कारण खर्चात आहे, पण तिची खरी किंमत दचक घालवण्यात आहे. दणक्याला भ्यालेला नेमबाज चाप पुरता दबण्याआधीच डोळे मिटतो, खांदा पुढे ढकलतो आणि नळीचे तोंड खाली झुकवतो. गोळी सुटते तेव्हा दणक्याच्या हिसक्यात हे सारे झाकले जाते. त्याला स्वतःलाही कळत नाही. म्हणून उस्ताद त्याच्या नकळत एखादे ड्रिलचे काडतूस मध्ये सरकवतात. चाप ओढल्यावर नुसता ‘खट्’ आवाज येतो आणि नळी वीतभर खाली गेलेली सगळ्यांना दिसते. अशा माणसाला पुन्हा पूर्ण ताकदीची काडतुसे देत राहिले तर दोष मुरतो. काही दिवस हलकी काडतुसे दिली की श्वास, चाप आणि नजर यांचा मेळ बसतो. हलकी गोळी सावकाश निघत असल्याने ती नळीत जास्त वेळ असते, आणि चाप दाबल्यावर लगेच रायफल सैल सोडणाऱ्याची चूकही निशाणावर उमटते.

लष्करात याचा पहिला मोठा प्रसार १८८० च्या दशकात झाला. लंडनच्या रिचर्ड मॉरिस यांनी ब्रिटिश सैन्याच्या मार्टिनी-हेन्री रायफलीच्या नळीत बसणारी बारीक पोलादी नळी तयार केली. मूळ गोळी ३१ ग्रॅमची आणि दणका खांदा सुजवणारा. मॉरिस नळीतून मात्र ०.२३ इंची चिमुकली गोळी सुटे. पुढे सैन्याच्या नंतरच्या ली-मेटफर्ड रायफलींसाठीही अशा नळ्या निघाल्या. बराकीच्या आवारात, भिंतीआड सराव होऊ लागला.

दक्षिण आफ्रिकेत बोअर लोकांशी, म्हणजे तिथल्या डच वंशाच्या वसाहतवाल्यांशी, झालेल्या युद्धाने (१८९९-१९०२) या गोष्टीला निकड दिली. दूरवरून अचूक मारा करणाऱ्या बोअर शेतकऱ्यांपुढे ब्रिटिश शिपायांची नेमबाजी उघडी पडली. हिंदुस्थानात सरसेनापती असताना नेमबाजीचा आग्रह धरणारे लॉर्ड रॉबर्ट्स यांनी सामान्य नागरिकांच्या छोट्या-बोअर रायफल क्लबांचा पुरस्कार केला. १९०१ मध्ये कामगारांच्या रायफल क्लबांची संस्था उभी राहिली. त्याच काळात जुन्या लष्करी रायफली ०.२२ बोअरच्या करण्याचे काम सुरू झाले. नळी आतून पोखरून तिच्यात खाचा पाडलेली नवी बारीक नळी बसवायची, ही बर्मिंगहॅमच्या पार्कर कंपनीची पद्धत गाजली. बोल्टही (काडतूस आत ढकलून नळीचे मागचे तोंड बंद करणारा दांडा) बदलावा लागे: मोठ्या काडतुसाची पेटवणारी टोपी बुडाच्या मध्यभागी असते, तर ०.२२ मध्ये पेट घेणारा मसाला बुडाच्या काठात असतो. बोल्टमधल्या पिनेचा ठोका मध्यावर न बसता कडेला बसायला हवा.

छोट्या चांदमारीसाठी निशाणेही छोटी झाली. २५ यार्डांवर नऊ सेंटिमीटरची आकृती ५०० यार्डांवरच्या पूर्ण उंचीच्या माणसाएवढी दिसते. रंगवलेल्या देखाव्यांचे फलकही वापरात आले: झाडी, कुंपण, घर, वाट. तुकडीप्रमुखाने ‘डावीकडच्या घराच्या उजवीकडे’ असे सांगायचे आणि शिपायांनी जागा हुडकून गोळी मारायची. केवळ नेमच नव्हे, तर हुकूम देणे आणि समजणे यांचाही सराव यात होई. माझ्या मते या सगळ्या खटाटोपातली ही सर्वांत हुशार कल्पना.

अमेरिकेत तिथल्या सैन्याच्या स्प्रिंगफील्ड रायफलीसाठी हॉफर-थॉम्पसन पद्धत निघाली. ०.२२ चे काडतूस मोठ्या काडतुसाच्या आकाराच्या पोलादी पुंगळीत घालायचे आणि ती पुंगळी नेहमीसारखी मॅगझिनमधून चालवायची. बोल्टची सवय सुटत नसे. मात्र पुंगळ्या भरणे-रिकाम्या करणे किचकट होते. जर्मनीत १९३० च्या दशकात सैन्याच्या मावझर ९८ रायफलीसारख्या दिसणाऱ्या ०.२२ च्या रायफली तयार झाल्या. अलीकडे प्लॅस्टिकची निळी सरावी काडतुसे आली आहेत. त्यांची गोळी इतकी हलकी असते की ती वेगाने निघूनही लवकर दम टाकते. अशा कमजोर काडतुसावर स्वयंचलित रायफलीची मूळ यंत्रणा चालत नाही, म्हणून सरावापुरता वेगळा बोल्ट बसवतात.

पूर्ण आकाराच्या काडतुसातच कमी दारू भरण्याचा मार्ग सोपा वाटतो, पण धोका तिथेच जास्त. मोठ्या पुंगळीत मूठभर जागेत चिमूटभर दारू पडते. चुकून दुप्पट भरली तरी वरून पाहता सहज कळत नाही आणि रायफल फुटू शकते. उलट दारू फारच कमी पडली तर गोळी नळीतच अडकते. आवाज कमी आला म्हणून नेमबाज पुढची गोळी झाडतो आणि नळी फुगते किंवा फाटते. आवाज विचित्र आला की थांबून नळी आरपार पाहणे हा नियम म्हणूनच कडक आहे.

हत्ती-गव्यासाठी बनलेल्या दुनळी रायफलींची अडचण निराळी. ०.४७० नायट्रो एक्स्प्रेस काडतुसाची ३२ ग्रॅमची गोळी सुमारे ७,००० जूल ऊर्जेने निघते. तिचा सराव सलग करणे अवघडच. पण या रायफलीच्या दोन्ही नळ्या ठरावीक गोळी आणि ठरावीक वेग धरून जुळवलेल्या असतात. ताकद बदलली की दोन्ही नळ्यांच्या गोळ्या एका जागी पडत नाहीत. हलक्या काडतुसाने इथे बंदूक खांद्याला लावण्याचा आणि दोन चाप सांभाळण्याचा सराव होतो, निशाणाचा हिशोब होत नाही. एकनळीतही नेम नव्याने लावावा लागतो, कारण मंद गोळी लवकर खाली येते. वाऱ्याचा आणि लांब पल्ल्याचा अंदाज २५ यार्डांवर शिकता येत नाही, त्यासाठी शेवटी पूर्ण ताकदीचीच काडतुसे लागतात.

महाराष्ट्राचा या विषयाशी दुहेरी संबंध आहे. खडकीच्या दारूगोळा कारखान्यात (स्थापना १८६९) ‘थ्री नॉट थ्री’ची काडतुसे बनत, बुडावरच्या ‘केएफ’ या खुणेवरून ती ओळखता येतात. आणि १९४८ मध्ये स्थापन झालेल्या एनसीसीच्या छात्रांच्या हाती येणारी पहिली रायफल बहुधा ०.२२ चीच असते. पालथे झोपून मोजक्या गोळ्या झाडायच्या आणि भोके किती जवळ पडली ते ग्रुपिंग मोजायचे, हा धडा त्यांना तिच्यावरच मिळतो. मुंबईच्या नेमबाज अंजली भागवत यांनी रायफल पहिल्यांदा हाती धरली तीही एनसीसीतच.