साध्या बी.एड.वर विशेष शिक्षक होता येत नाही

बी.एड. झालेल्या शिक्षकाने सुट्टीत एखादा अल्पकालीन प्रमाणपत्र अभ्यासक्रम केला की तो विशेष शिक्षक, म्हणजे दिव्यांग मुलांना शिकवणारा शिक्षक, म्हणून काम करू शकतो, हा समज शिक्षकवर्गात वर्षानुवर्षे फिरतो आहे आणि तो चुकीचा आहे. भारतीय पुनर्वास परिषद अधिनियम, 1992 च्या कलम 13 नुसार परिषदेने मान्य केलेली अर्हता, म्हणजे उदाहरणार्थ विशेष शिक्षणातील डी.एड. किंवा बी.एड., आणि केंद्रीय पुनर्वास नोंदवहीत (परिषदेकडील पुनर्वास व्यावसायिकांच्या अधिकृत यादीत) नाव, या दोन्ही गोष्टी लागतात. पदवी हातात आली म्हणजे नोंदणी आपोआप झाली असे नाही. त्यासाठी स्वतंत्र अर्ज करावा लागतो. नोंदणीविना काम केल्यास एक वर्षापर्यंत कारावास किंवा हजार रुपयांपर्यंत दंड (रक्कम आज किरकोळ वाटते खरी) किंवा दोन्हींची तरतूद आहे.